बुजगावण्यानं रंगवलेलं सूत

आजही माझ्यासमोर कुणी 'टॉप-डाऊन बरं की बॉटम-अप' असा वाद काढला की मला मळमळायला लागतं. बोलायची रीत म्हणून सांगत नाही. प्रोग्राम वरून खाली बांधत आणावा की खालून वर, यावर शहाणी माणसं तासन्‌तास बोलू शकतात. ऐकणाऱ्या तरुण पोरांना मी उठून गेले की बाई तिरसट वाटतात. असेन तिरसट. पण हा वाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा टेबलावर सुताची एक ओली, घाणेरड्या रंगाची लडी पडलेली होती, आणि वाद घालणाऱ्यांपैकी एकानंही तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, मुंबईला मावशीकडे राहून प्रोग्रामिंगचा कोर्सही केला होता. सोलापुरात परत आले आणि चादरी-टॉवेलांच्या एका गिरणीत मला नोकरी लागली. गिरणीनं मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला होता. लोखंडी कपाटांची रांग, पंचकार्डं गिळणारं एक यंत्र आणि कानठळ्या बसवणारा प्रिंटर, एवढा सगळा पसारा. गिरणीत वातानुकूलित खोली ती एकच. त्यामुळे उन्हाळ्यात मॅनेजरचे पाहुणे 'कॉम्प्युटर बघायला' म्हणून येत आणि थंडी खाऊन जात.

आमच्या भिंतीपलीकडे रंगखातं होतं. गंधकाचा, कॉस्टिकचा आणि उकळत्या सुताचा वास भिंतीतून झिरपून यायचा. सात रस्त्यावरून सायकल मारत मी गिरणीत पोचले की पहिली त्या वासाशी भेट व्हायची, आणि जेवणाचा डबाही त्याच वासात उघडायचा.

आम्हाला प्रोग्राम लिहायचा होता तो याच रंगखात्यासाठी. शेडचा नंबर आणि सुताचं वजन दिलं की कुठला रंग किती घालायचा याचा कागद प्रिंटरनं काढून द्यायचा. तोवर हे काम रंगमास्तर अंदाजानं करत. मास्तर पिढीजात विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, हात सराईत. पण आजचा लाल आणि पुढच्या आठवड्यातला लाल कधी सारखा येत नसे. चादरीची एक कड दुसरीशी जुळत नाही म्हणून व्यापारी माल परत पाठवत. तेव्हा काम गरजेचं होतं, त्यात शंका नव्हती.

आमच्या खात्याचे प्रमुख म्हणजे अण्णा. अक्कलकोटकडचे, घरी कानडी आणि बाहेर मराठी. चाळिशी उलटलेली. माझ्याहून इतके मोठे असूनही मला 'अक्का' म्हणत. त्यांना तपकिरीचं भारी व्यसन. प्रोग्रामच्या कागदांवर तपकिरीचे डाग पडायचे आणि त्यांचा तो रुमाल कार्डांच्या गठ्ठ्याशेजारीच पसरलेला असायचा. मी पेन्सिलीच्या टोकानं तो बाजूला सारायची.

अण्णांची पद्धत खालून वर जाणारी. सगळ्यात छोटा तुकडा आधी लिहायचा. सुताच्या वजनातून दमटपणा वजा करणारा एक तुकडा, शेडच्या नंबरावरून रंगांचं प्रमाण शोधणारा दुसरा. प्रत्येक तुकड्याला चालवून बघायला ते एक छोटासा प्रोग्राम लिहीत आणि त्याला गाडीवान म्हणत. गाडीवान तुकड्याला आकडे देणार, तुकडा उत्तर देणार, अण्णा ते हातानं केलेल्या गणिताशी ताडून बघणार. चूक सापडली की तुकडा पुन्हा लिहायचा. बरोबर आला तरी आणखी आकडे देऊन बघायचा. हे त्यांचं मला आवडायचं. त्यांच्या तुकड्यात चूक सापडणं कठीणच.

"अण्णा, हे सगळं जोडायचं कधी?" मी विचारायची.

"जोडू की. एवढी घाई कशाला, अक्का? खालचं पक्कं झालं की वरचं आपोआप होतंय."

वरचं आपोआप झालं नाही. वर्ष उलटलं तरी रंगखात्याच्या हाती एकही कागद पडला नाही. मॅनेजरनं अण्णांना बोलावून झापलं आणि मुंबईहून एक सल्लागार आणले.

सल्लागार तरुण होते. सफारी सूट, केसांना क्रीम, हातात गुंडाळलेले मोठे तक्ते. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, वर एक चौकोन काढला, त्यात 'रंगखाते' लिहिलं आणि त्याखाली फांद्या फोडत गेले. आधी सगळ्यात वरचा भाग लिहायचा आणि तपासायचा, मग एकेक पायरी खाली उतरायचं.

"पण सर, खालचे भागच नसतील तर वरचा चालेल कसा?" मी विचारलं.

"खालच्यांच्या जागी खोटे भाग ठेवायचे. ते काहीच काम करत नाहीत, एक ठरलेलं उत्तर तेवढं परत पाठवतात. वरच्याला वाटतं, खाली कुणीतरी आहे."

"म्हणजे शेतातली बुजगावणी."

त्यांना तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला त्यांनी तो स्वतःचा म्हणून ऐकवला.

तरी खरं ते सांगते. त्यांची पद्धत मला पटली होती. आपण काय बांधतोय हे मला पहिल्यांदाच पूर्ण दिसलं. वरचा भाग चालवून बघताच एक मोठी चूक हाती लागली. आम्ही एका ऑर्डरीला एक कागद धरून चाललो होतो, आणि रंगखात्यात एक ऑर्डर दोन-तीन टाक्यांत विभागून रंगते. प्रत्येक टाकीला वेगळा कागद हवा. अण्णांच्या तुकड्यांतून हे शेवटपर्यंत कळलं नसतं. मी उत्साहानं ते अण्णांना सांगायला गेले, तर त्यांनी तपकीर ओढली आणि "असं काय?" एवढंच म्हणून तोंड फिरवलं.

शेडचं प्रमाण शोधणारा अण्णांचा तुकडा अजून त्यांच्याच कपाटात होता, म्हणून त्या जागी मी बुजगावणं लिहिलं. त्यानं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. बेरीज तपासायला सोपं म्हणून मी लाल, पिवळा आणि निळा सारख्याच प्रमाणात ठेवले. शेड कुठलीही मागा, उत्तर तेच. आणि कुणाची फसगत नको म्हणून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ छापायची सोय केली: 'फक्त चाचणी, वापरू नये.'

मग संचालक मंडळ कॉम्प्युटर बघायला येणार असं ठरलं. सल्लागारांनी प्रोग्रामचा गठ्ठा मागवला, चाळला आणि ती ओळ छापणारं कार्ड माझ्या डोळ्यांदेखत काढून खिशात टाकलं.

"सर, ती ओळ राहू द्या."

"नव्या साडीचं लेबल तसंच ठेवून कुणी लग्नाला जातं का?"

"मग निदान तोंडानं सांगा त्यांना, की प्रमाण खरं नाही."

"सांगू की. तुम्ही काळजी करू नका."

समारंभाच्या दिवशी खोलीच्या दारात नारळ फोडला. पाणी आतल्या लाकडी जमिनीवर गेलं, आणि तिच्याखाली तारा होत्या, म्हणून मी फडकं घेऊन धावले. फडकं पिळून परत येते तर प्रिंटर धडधडायला लागला होता. अध्यक्षांनी मरून शेड मागितली होती. कागद बाहेर आला. रेघा सरळ, आकडे एकाखाली एक, फार देखणा कागद. अध्यक्षांनी त्यावरून हात फिरवला आणि मॅनेजरला म्हणाले, "उद्यापासून रंगखातं यावरच चालू दे. अंदाजपंचे काम बंद."

मी सल्लागारांकडे पाहिलं. आता सांगतील, आता सांगतील. ते हात जोडून उभे होते आणि टाळ्या घेत होते.

मग मीच पुढे झाले. "साहेब, या कागदावरचं प्रमाण अजून खोटं आहे. तो भाग बसवायचा राहिलाय."

अध्यक्षांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर हसून म्हणाले, "त्या नवीन आहेत."

"तांत्रिक तपशील आहे, आम्ही बघून घेतो," सल्लागार म्हणाले. आणि सगळे पेढ्यांकडे वळले.

मी अण्णांना गाठलं. ते सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अण्णा, तुमचा शेडचा तुकडा द्या. तो तयार आहे. बुजगावणं काढून मी तो आत्ता बसवते."

"मागायला त्यांना येऊ दे."

"उद्या सूत खराब होईल हो."

"होऊ दे की. एकदा होऊ दे. मग कळंल सगळ्यांना, वरनं खाली बांधणं म्हणजे काय असतंय ते." आणि डबी उघडून त्यांनी चिमूट घेतली. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. त्या क्षणी मला त्यांची जी किळस आली ती त्या रुमालाचीही कधी आली नव्हती.

सल्लागारांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मी? अण्णांकडे मी मागायला जाऊ?" आणि रिक्षा करून लॉजवर निघून गेले. मॅनेजरच्या केबिनीला कुलूप. ते संचालकांना घेऊन दर्शनाला अक्कलकोटला गेले होते. जाण्याआधी मात्र रंगखात्याला सहीचा हुकूम देऊन गेले होते: कागद सोडून रंग घातला तर कारवाई होईल. उद्याच्या तीन टाक्यांचे कागदही सह्या होऊन तिकडे पोचले होते.

मी रंगखात्यात गेले. मास्तर टाकीच्या कडेवर बसून विडी ओढत होते.

"मास्तर, उद्याचे कागद वापरू नका. त्यातलं प्रमाण खोटं आहे. नेहमीसारखं तुमच्या अंदाजानं करा."

"अंदाज बंद झाला की. आजच मोठ्या साहेबांनी सांगितलं."

"मी सांगते ना. तो प्रोग्राम मी लिहिलाय."

त्यांनी घडी केलेला हुकूम काढला आणि माझ्यापुढे धरला. "हितं मॅनेजरसाहेबाची सही हाय. तुमची सही कुटं हाय, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी रंगखात्यातच गेले. तीन टाक्यांतलं सूत वर उचलून टांगलं होतं. एक मरून व्हायचं होतं, एक बाटलीहिरवं, एक लिंबोणी. तिन्हींचा रंग एकच. त्याला काय म्हणावं? गटार उपसून काठावर टाकलेल्या गाळाचा रंग. मधूनच जांभळट, जुन्या मारासारखा. लड्यांतून तेच पाणी ठिबकत होतं आणि वाफेला आंबूस वास येत होता. मला तिथंच उमासा आला. पदर तोंडाला लावून मी उभी राहिले.

मास्तर हसत होते. "बघा बाई, तिन्ही शेड एकदम म्याच झाले. आजपातुर कदीच झाले नव्हते."

"तुम्हाला टाकीत घालतानाच दिसलं असेल ना?"

"दिसलं की. कागूद आला, कागदापरमाणं केलं."

एका टाकीत दिसलं तेव्हा थांबता आलं असतं. त्यांनी तिन्ही रंगवल्या.

दुपारी मॅनेजरच्या केबिनीत बैठक झाली. कुणीतरी ती लडी आणून काचेच्या टेबलावर ठेवली होती. एका बाजूला सल्लागार, दुसरीकडे अण्णा, दाराशी मी.

सल्लागारांनी सुरुवात केली. "पद्धतीत काही दोष नाही. वरचे भाग बिनचूक चालले. खालचा भाग वेळेत मिळाला नाही, आणि तो कुणाकडे होता ते सगळ्यांना माहीत आहे. ही बॉटम-अपची मानसिकता. माणूस आपल्या तुकड्यात रमतो, पूर्ण चित्र बघतच नाही."

"चित्र!" अण्णा म्हणाले. "चित्रच हाय ते. खाली काय न्हाय आणि वर नुसती रंगरंगोटी. म्हणून म्हणतो, खालनं तपासत यावं. माझ्या एका तुकड्यात चूक दाखवा."

"तुकड्यात चूक नसते हो, जोडात असते. जोड तुम्ही शेवटी तपासणार. तोवर उशीर झालेला असतो."

"आणि तुमी बुजगावण्याला माणूस समजून पेढे वाटणार."

दोघंही बरोबर बोलत होते. हेच मला सहन होत नव्हतं. एकेक वाक्य घेतलं तर पुस्तकात छापावं असं, आणि कालच्या दिवसात त्यातलं एकही वाक्य कुणी वेळेवर उच्चारलं नव्हतं. मॅनेजर दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मध्येच म्हणाले, "मग आपल्या गिरणीला यातलं कुठलं सूट होईल?" सल्लागारांनी लगेच त्यांचं पॅड ओढून त्यावर चौकोन काढायला घेतले. लडीतून निघालेलं पाणी काचेवरून मॅनेजरच्या कागदांकडे सरकत होतं. त्यांनी कागद उचलून धरले. लडी कुणी उचलली नाही.

मी म्हणाले, "कागदावरचं प्रमाण खोटं आहे हे काल तुम्हा दोघांनाही माहीत होतं. सर, तुम्ही बोलला नाहीत. अण्णा, तुम्ही तुकडा दिला नाहीत. यात वरून काय आणि खालून काय?"

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. दोघांनी चहा घेतला आणि सल्लागारांनी पॅडवरचा राहिलेला चौकोन पुरा केला.

खराब सुताचं काय करायचं हे मॅनेजरनं त्याच बैठकीत ठरवलं. फेकायचं नाही. त्याच्या चादरी विणायच्या आणि दिवाळीला कामगारांना भेट म्हणून वाटायच्या. रंगाला नावही दिलं: चंदनी. सूचनाफलकावर तसं लागलं. कामगार रांगेत उभे राहून चंदनी चादरी घेऊन गेले. मलाही एक मिळाली. मी ती घरी नेलीच नाही, खोलीतल्या कपाटावर टाकून दिली.

आमच्या गल्लीत साचेखात्यात मागावर काम करणारा एक कामगार राहायचा. दिवाळीनंतर त्याची बायको मला वाटेत भेटली. हातात पोराचा शाळेचा पांढरा शर्ट होता. चादरीबरोबर एकाच बादलीत भिजवला आणि सगळा त्या रंगाचा झाला.

"बाई, ह्ये तुमच्या मशीननं केलं म्हणत्यात. खरं काय?"

"मशीननं नाही केलं. माणसांनी केलं."

"माणसांनी का असंना. पर आता ह्यो निघंल का?"

"नाही निघणार."

तिनं शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. केबिनीतल्या दोघांना त्या बाईसमोर उभं करावं आणि म्हणावं, आता सांगा, कुठली पद्धत चांगली ते, असं मला फार वाटलं. तसं घडलं नाही. घडलं असतं तरी सल्लागारांनी तिला चौकोन काढून दाखवला असता.

त्यानंतर सल्लागार आणि अण्णा एकमेकांशी बोलेनात. म्हणून मॅनेजरनं काम माझ्याकडे दिलं. अण्णांनी कपाट उघडून शेडच्या तुकड्याची कार्डं माझ्यापुढे ठेवली, जणू घरातलं सोनं देताहेत. मी तो तुकडा बसवायला घेतला आणि कपाळाला हात लावला. आत एकही चूक नव्हती, पण तो पौंडभर सुताला किती रंग असं उत्तर देत होता, आणि अण्णांचाच दमटपणाचा तुकडा सुताचं वजन किलोत. दोन्ही तुकडे त्यांनीच लिहिलेले, त्यांनीच पुन्हा पुन्हा तपासलेले, फक्त एकमेकांसमोर कधी उभे केले नव्हते. त्यांचा गाडीवान त्यांच्याच अंगणात गाडी फिरवत होता.

मग वरच्या बाजूनं बघत आले. तिथं सल्लागारांनी स्वतः ठेवलेली आणि कुणाला न सांगितलेली आणखी बुजगावणी निघाली. कोठारात रंग शिल्लक आहे का, असं विचारलं की एक बुजगावणं नेहमी 'आहे' म्हणायचं.

मी एका वेळी एकच बुजगावणं काढत गेले. त्या जागी खरा भाग बसला की कागद काढायचा, मास्तरांकडून छोट्या पातेल्यात एकच लडी रंगवून घ्यायची, शेडचा नमुना चिकटवलेल्या शेडकार्डाशी ताडायची आणि मगच पुढचं. खोट्या भागाची ओळ कागदावर ठळक छापायची, आणि कार्डांचा गठ्ठा कायम माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. याला वरून खाली म्हणतात की खालून वर, हे मी कुणाला विचारलं नाही. मास्तरांबद्दल माझं मन पुन्हा कधी साफ झालं नाही, पण त्यांचा हात मला लागत होता.

प्रोग्राम बऱ्यापैकी उभा राहिला तेव्हा एक दिवस अण्णा राजीनामा देऊन मोकळे झाले. सल्लागारांच्याच मुंबईच्या कंपनीत त्यांना जागा मिळाली होती. दोघांचं जमलं कधी आणि कसं, कळलं नाही. निरोपाला सल्लागार मुद्दाम आले. दोघं मिळून आता तरुणांना दोन्ही पद्धती शिकवणार होते. उदाहरण म्हणून आमचीच गिरणी घेणार होते. सल्लागारांनी भाषणात अण्णांना 'खालून वर आलेला माणूस' म्हटलं आणि सगळे हसले. सगळ्यात जोरात अण्णा.

हार गळ्यात घेऊन ते माझ्यापाशी आले. "अक्का, तुमीपण या की मुंबईला. सरांशी बोलतो मी."

"नको," मी म्हणाले. "मला उलटी होईल."

त्यांना ती थट्टा वाटली. ते हसत पुढे गेले.

मी खोलीत परतले तर दारात मास्तर उभे होते. हातात कागदावर धरलेली ओली लडी. "पिवळा कमी पडलाय बाई. कागद चुकलाय का मी, तेवडं बघा."

आम्ही शेडकार्ड काढून खिडकीशी गेलो. खरंच पिवळा कमी होता. मी आकडे हातानं करून पाहिले. कागदच चुकला होता. मी एक कोरं कार्ड घेतलं आणि पंच मशीनपाशी बसले.